कोच कोचमधून उतरला

एका नौकानयनपटूच्या आठवणींचं भाषांतर करत होते. संघ शर्यतीसाठी परगावी जमलाय, पाऊस लागलाय, मुलं आडोशाला उभी आहेत, आणि मग एक एवढंसं वाक्य: कोच कोचमधून उतरला. मूळ इंग्रजीत लेखकाने ही गंमत मुद्दाम केली होती की लिहिण्याच्या ओघात ती होऊन गेली होती, कळायला मार्ग नव्हता. पहिल्या खर्ड्यात मी ते जसंच्या तसं ठेवून दिलं. मुद्रितशोधकांकडून पानं परत आली तेव्हा दोन्ही 'कोच'खाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न होता, 'कोणता कोच?'

प्रश्न रास्तच. एक कोच माणूस, दुसरा गाडी. 'प्रशिक्षक बसमधून उतरले' असं लिहिलं की पाच मिनिटांत पान पुढे गेलं असतं. पण माझं एक वाईट आहे. शब्द अडला की मी त्याची चौकशी करत बसते. माणूस आणि गाडी एकाच शब्दात राहायला कधी आले, आणि आधी कोण आलं, हे कळल्याशिवाय पुढचं वाक्य हातात घ्यावंसं वाटेना. कोश काढले. ती दुपार गेली आणि खरं सांगायचं तर पुढचे तीन दिवसही गेले.

आधी तिसऱ्या कोचाला वाटेतून बाजूला करते. मराठीत कोच म्हटलं की मला अजूनही सगळ्यात आधी दिसतो तो बसायचा कोच, मधली एक स्प्रिंग वर आलेला. लहानपणी आगगाडीच्या डब्याला कोच म्हणतात हे ऐकून मला वाटलं होतं की आत सगळीकडे गुबगुबीत कोच मांडलेले असणार. आत लाकडी फळ्यांचे बाक निघाले आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला. हा बसायचा कोच या गोष्टीत पाहुणाच. इंग्रजीत तो 'काउच', आणि त्याच्या मुळाशी निजणं, आडवं होणं अशा अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. मराठीत येता येता त्याचा उच्चार घासला गेला आणि तो परक्या घरात जाऊन बसला.

खरा कोच एक गाव आहे.

हंगेरीत, व्हिएन्नाहून बुडा शहराकडे (म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागाकडे) जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, कोच नावाचं लहानसं गाव आहे. आजही आहे. हंगेरियन लोक त्याचा उच्चार आपल्यासारखाच करतात, 'ओ' न ओढता, आखूड आणि स्वच्छ: कोच. इंग्रज त्याचा 'कोउच' करतात. म्हणजे मूळ गावकऱ्याला इंग्रजापेक्षा मराठी माणसाचा उच्चार जवळचा वाटेल. या गावचे गाडी बांधणारे कारागीर पंधराव्या शतकात नावाजले. त्यांच्या गाड्या हलक्या आणि वेगवान होत्या. त्या गाडीला 'कोची सेकेर' म्हणत, म्हणजे कोचची गाडी. गावाच्या नावाला 'ई' लावून विशेषण करायची आपली रीत हंगेरियन भाषेतही आहे. पुढे जे व्हायचं तेच झालं. लोकांनी 'सेकेर' गाळून टाकलं आणि नुसतं 'कोची' ठेवलं. वस्तू फार वापरात आली की तिचं नाव आखूड होतं आणि त्यात बऱ्याचदा मुख्य शब्दच कापला जातो, विशेषण तेवढं उरतं. आज हंगेरीत कोणी 'कोची' म्हणालं तर तो साध्या मोटारीबद्दल बोलत असतो. दारातल्या गाडीला आपण एका लहानशा गावाचं नाव देतोय, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

गाडीबरोबर शब्दही निघाला. जर्मनांनी त्याचं 'कुट्शे' केलं, फ्रेंचांनी 'कॉश', इटालियनांनी 'कोक्किओ', डचांनी 'कूट्स'. स्पेनमध्ये तो 'कोचे' झाला आणि तिथेही आता त्याचा अर्थ मोटार असाच आहे. स्वीडिश भाषेत गाडी पोचलीच नाही, गाडीवानच पोचला: 'कुस्क' म्हणजे घोडागाडी हाकणारा. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला उतरला. तेव्हा तो राजेरजवाड्यांचा शब्द होता, कारण गाडीच त्यांची होती.

या गाड्या दिसायला कितीही देखण्या असल्या तरी आत बसणाऱ्याचे हाल काही चुकले नाहीत. ब्रिटिश राजघराण्याचा सोन्याचा मुलामा दिलेला कोच १७६२ सालचा. वजन सुमारे चार टन, ओढायला आठ घोडे, आणि चाल माणसाच्या पावलाची, त्याहून जास्त नाही. गाडीचा वरचा डबा चाकांवर टेकलेला नाही. तो जाड चामड्याच्या पट्ट्यांनी चार कोपऱ्यांना टांगलेला आहे आणि ते पट्टे चार सोनेरी समुद्रदेवतांनी आपल्या अंगावर पेललेत. त्यामुळे खड्ड्याचा दणका बसत नाही, पण डबा झोपाळ्यासारखा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुलत राहतो. चौथा विल्यम राजा होण्याआधी नौदलात होता. या गाडीत बसून आल्यावर त्याने खवळलेल्या समुद्रातल्या जहाजाचीच आठवण काढली. तो राजा म्हणून मला आवडत नाही, पण उपमा त्याला जमली.

समुद्राचं नाव निघालंच आहे तर जॉन टेलरला आत घेते. हा माणूस थेम्स नदीवर होडी वल्हवून पोट भरायचा आणि फावल्या वेळात पद्यं रचायचा. लंडनमध्ये त्या काळी पलीकडच्या काठाला जायचं तर बहुधा नावाडीच लागायचा. रस्त्यावर कोच वाढले आणि गिऱ्हाईक कमी झालं. टेलरने १६२३ साली त्या गाड्यांविरुद्ध एक पुस्तिकाच छापली, सगळं जग आता चाकांवर पळू लागलंय अशा तक्रारीची. नावाड्याने गाडीवानावर काढलेला हा राग मी तेव्हा गंमत म्हणून वहीत टिपून ठेवला. नदी आणि गाडी यांचं हे भांडण पुढे आणखी एकदा समोर येईल असं वाटलं नव्हतं.

हळूहळू कोच राजाच्या दारातून रस्त्यावर आला. ठरलेल्या टप्प्यांवर घोडे बदलत जाणाऱ्या गाड्यांना 'स्टेजकोच' म्हणू लागले. यातलं स्टेज म्हणजे नाटकाचं नव्हे, प्रवासाचा टप्पा. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून दुपारी चारला टपाल घेऊन एक कोच निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचला. सोळा तास. त्या काळाच्या मानाने हा वेग अचाट होता. गाडीच्या आत चौघं बसत, त्यांचं भाडं जास्त. बाकीचे टपावर, ऊनपाऊस खात, कमी पैशात. निघण्याआधी प्रवाशाचं नाव कचेरीतल्या वहीत चढवायचं, त्या वहीला इंग्रजीत बुक, म्हणून ते 'बुकिंग'. आज विमानाचं तिकीट फोनवर काढतानाही आपण बुकिंगच करतो आणि समोर वहीही नसते, कारकूनही नसतो.

मग रेल्वे आली. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमधली रेल्वे सप्टेंबर १८३० मध्ये सुरू झाली. तिचे पहिल्या वर्गाचे डबे मी चित्रात पाहिले तेव्हा हसू आलं. घोडागाडीचे तीन डबे एकाच लांब सांगाड्यावर शेजारी शेजारी चिकटवलेत, प्रत्येकाला त्याचं वेगळं दार, खिडक्यांच्या कडांना तोच बाक, सामान टपावर. डबा कसा असावा याची दुसरी कल्पनाच कोणाला सुचली नव्हती. घोडे गेले, पण कोच हे नाव रुळांवर चढलं. पुढे अमेरिकेत रेल्वेत झोपायची सोय असलेले महागडे डबे आले आणि साध्या बैठकीच्या डब्यालाच कोच म्हणायची पद्धत पडली. तिथून तो शब्द विमानात गेला आणि आज तिथे कोच म्हणजे सगळ्यात स्वस्त भाड्याची जागा, गुडघे समोरच्या पाठीला टेकवणारी. सोन्याच्या मुलाम्यापासून निघून इथवर. शब्दांचंही नशीब फिरतं.

इथवर सगळी गाडीचीच गोष्ट झाली. माणूस कुठे आला?

माणूस आला तो थेट १८३०च्या सुमाराला, म्हणजे आगगाडी घोड्यांच्या पोटावर पाय देत होती अगदी त्याच वर्षांत. आणि तो विद्यापीठातल्या पोरांच्या टवाळीतून आला. ऑक्सफर्डच्या मुलांनी खासगी शिकवणी घेणाऱ्या मास्तराला कोच म्हणायला सुरुवात केली. अर्थ उघड आहे: आत बसायचं, पैसे मोजायचे, तो परीक्षेपर्यंत नेऊन सोडतो. रस्ता त्याला पाठ, घोडे त्याचे, धूळ त्याच्या तोंडावर. आपण फक्त उतरायचं ठिकाण सांगायचं. मला ही थट्टा फार खरी वाटते. कुठल्याही भाषेतला परीक्षार्थी शिक्षकाकडून मनातल्या मनात हेच मागत असतो. आपण ज्याला आज गंभीर चेहऱ्याने कोचिंग म्हणतो आणि पाट्यांवर मोठ्या अक्षरांत रंगवतो, तो मुळात पोरांनी मास्तरांना ठेवलेलं टोपणनाव आहे.

केंब्रिजमध्ये तर या मास्तरांची मोठी पेढीच उभी राहिली. तिथल्या गणिताच्या परीक्षेत मुलांची नावं गुणानुक्रमे जाहीर होत. पहिल्या वर्गात आलेले ते रँग्लर, आणि त्यातला पहिला तो सीनिअर रँग्लर. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही, रँग्लर परांजप्यांमुळे तो आपल्याकडे पदवीसारखा नावापुढे चिकटून आला. १८९९ साली ते त्या यादीत पहिल्या स्थानावर होते. या यादीसाठी मुलं प्राध्यापकांच्या व्याख्यानांपेक्षा खासगी कोचवर जास्त भरवसा ठेवत. विल्यम हॉपकिन्स हे त्यातलं मोठं नाव. पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला विल्यम थॉमसन, स्टोक्स, मॅक्सवेल हे सगळे नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांच्यानंतर एडवर्ड राऊथ. १८५४ साली हा स्वतः पहिला आला आणि मॅक्सवेल दुसरा. नंतर त्याने शिकवायला घेतलं आणि पंचवीसहून जास्त सीनिअर रँग्लर घडवले. अशा माणसाला गाडी म्हणणं जरा उद्धट वाटतं, पण वक्तशीरपणे ठरल्या मुक्कामी पोचवण्यात तो कोणत्याही टपालगाडीला हरला नसता. गुणानुक्रम जाहीर करायची पद्धत १९०९ साली बंद झाली आणि या पेढ्यांची रयाही गेली.

आता वहीच्या त्याच पानावर मी सहज 'ट्रेन' लिहिलं आणि थबकले. तिथेही तेच. ट्रेन म्हणजे आगगाडी आणि ट्रेन करणं म्हणजे शिकवणं. फक्त क्रम उलटा. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ओढणं. त्यावरून मागे ओढत जाणारं ते ट्रेन: राणीच्या झग्याचा जमिनीवर लोळणारा घोळ, सरदाराच्या मागून चालणारा लवाजमा. आणि वेलीला ओढून, ताणून, हव्या त्या बाजूला न्यायचं, तेही ट्रेन करणं. या वेलीवरून सोळाव्या शतकात माणसाला शिकवण्याचा अर्थ आला. आगगाडी तर अजून तीनशे वर्षं दूर होती. १८२०च्या आसपास एकामागे एक ओढले जाणारे डबे दिसले तेव्हा त्यांना ट्रेन म्हटलं गेलं, लवाजमाच तो. म्हणजे कोच आधी गाडी आणि मग मास्तर, ट्रेन आधी मास्तर आणि मग गाडी. एकात बसायचं असतं, दुसऱ्यात ओढलं जायचं असतं.

वेलीवरून मराठी आठवलीच. आपण वेलीलाही वळण लावतो आणि मुलालाही. शिवाय रस्त्यालाही वळण असतं. म्हटलं, इंग्रजीत शिकणं म्हणजे गाडीत बसणं असेल, तर आपल्याकडे ते काय आहे? करिअर हा शब्दही मुळात गाडीरस्त्याचा आणि करिक्युलमचा लॅटिन अर्थ धाव, शर्यत, शर्यतीचा रथसुद्धा. सगळी चाकंच चाकं. मी वहीच्या उजव्या पानावर आपले शब्द मांडायला घेतले. उत्तीर्ण. पारंगत. निष्णात. स्नातक. चार शब्द लिहून झाले आणि पाहते तो पान ओलं.

उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून पार होऊन वर आलेला. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. स्नातक म्हणजे ज्याचं स्नान झालंय तो. निष्णात हाही अंघोळीचाच शब्द, पाण्यात चांगला मुरलेला. संस्कृतात याचा एक देखणा भाऊ आहे, नदीष्ण. नदीत कुठे उतरावं, कुठे खोल आहे, हे ज्याला ठाऊक तो नदीष्ण, आणि म्हणून कुशल. मराठीत तो आला नाही याची मला त्या दिवशी खरोखर हळहळ वाटली. परीक्षा आपण तरून जातो, संकटातून तरतो, आणि वाचवणारा तो तारणारा. सगळ्यात मोठा धक्का तीर्थाने दिला. तीर्थ म्हणजे नदीत उतरायची जागा, जिथून पाण्यात पाय घालता येतो किंवा पलीकडे जाता येतं. अमरकोशात तीर्थाच्या अर्थांमध्ये गुरूही आहे. एकाच गुरूकडे शिकणारे ते सतीर्थ्य, एका घाटावरचे.

घाट कोणाला उचलून नेत नाही. पायऱ्या तेवढ्या असतात.

इथे मला आपली भाषा किती थोर, असा सूर लावायचा मोह झाला होता. पण तो सूर लगेच बेसूर झाला असता. एक तर हे शब्द रोज वापरताना आपल्यापैकी कोणाच्याही अंगाला पाणी लागत नाही. उत्तीर्णांची यादी वाचताना नदी दिसते कोणाला? दुसरं, हौसेने कोचिंगला जाऊन बसण्यात आपण इंग्रजांना कधीच मागे टाकलंय. आणि तिसरं कारण मला त्या आठवणींच्या पुस्तकातच मिळालं.

कोच हा शब्द खेळात आला तो १८६०च्या दशकात, आणि इंग्लंडात तो सुरुवातीपासून ज्या खेळात रुजला तो होता वल्हवण्याचा. विद्यापीठांच्या नौका शर्यती आणि त्यांचे कोच. हा कोच नावेत बसत नसे. नदीच्या काठाने पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाट असायची, त्या वाटेवरून तो घोड्यावर बसून नावेच्या बरोबरीने जायचा आणि ओरडायचा. चौथा, तुझी पाठ. दुसरा, तू उशिरा उचलतोस. वल्ही मारणारी पोरं पाण्यात, घामाघूम, आणि हा काठावर, कोरडा. ज्याचं नावच मुळी 'आत बसा, मी नेतो' असं होतं, त्याला नदीवर आणल्याबरोबर ते काम सोडावं लागलं. तिथे कोणाला नेऊन सोडायची सोयच नाही. नावाड्या जॉन टेलरने हे पाहिलं असतं तर त्याचा थोडा तरी राग शांत झाला असता.

मला पोहायला शिकवणारे सर असेच काठावरून चालायचे. पँट घोट्यांच्या वर दुमडलेली, अनवाणी, हातात एक लांब बांबू. त्यांना पाण्यात उतरलेलं मी कधीच पाहिलं नाही. त्यांना पोहता येत नसावं अशी आम्हा पोरींची खात्री होती. दम लागला, हातपाय झाडायला लागले, की ते बांबू पुढे करायचे. मी झेप घेऊन पकडायला जायची आणि बांबू वीतभर मागे सरकलेला असायचा. आणखी दोन हात मारले की पुन्हा वीतभर. मी त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात त्याची गणती नाही. एके दिवशी असाच बांबूचा पाठलाग करताना बोटं एकदम खरखरीत फरशीला लागली. पलीकडचा काठ होता. वर पाहिलं तर सर बांबू खांद्यावर टाकून दुसऱ्या मुलीकडे निघाले होते. शाबासकी वगैरे काही नाही.

मी पुन्हा त्या पानाकडे आले. समासातला प्रश्न, दोन रेघा. 'कोच कोचमधून उतरला.' रेघा दोन्ही 'कोच'खाली होत्या, तिसऱ्या शब्दाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, माझंही नाही. उतरणं. उत्तीर्ण ज्या घरातला, त्याच घरातला हा. नदीला उतार मिळतो तो हाच, आणि गाडीत बसलेल्या माणसाला मराठीत उतारू म्हणतात तोही यातलाच. बसलेल्या माणसाला आपण उतरण्यावरून ओळखतो, नदीच्या काळातली सवय. घाटावरचा हा शब्द त्या हंगेरियन गाडीच्या दाराशी इतका वेळ मुकाट्याने उभा होता.

मुद्रितशोधकांना उत्तर द्यायचं होतं. 'प्रशिक्षक' लिहून पाहिला, पण पावसात उभी राहिलेली पोरं कोणाला प्रशिक्षक म्हणत नाहीत. दोन्ही कोच खोडले आणि लिहिलं, 'सर बसमधून उतरले.' लेखकाची गंमत गेली, त्याला इलाज नव्हता. 'उतरले'ला मात्र हात लावला नाही.